वेसावकर आणि मंडळी

मंडळी, आज थोडा इतिहास. पण लढायांचा नव्हे, कॅसेटचा!

आमच्या पालघर-बोईसरकडे हळदीच्या रात्री कुठेही जा, सातपाटी, मुरबे, नवापूर, डांडी... कधीतरी 'वेसावची पारू' वाजतेच. नवरा कोळी असो, वाडवळ असो, नाहीतर तारापूर एमआयडीसीत नोकरीला आलेला घाटावरचा असो. गाणं सगळ्यांना पाठ. कोणाचं ते नातवंडांना विचारून बघा!

ते 'वेसावकर आणि मंडळी' या संचाचं. वेसावे म्हणजे मुंबईचं वर्सोवा. तिथल्या कोळीवाड्यातले लोकशाहीर काशीराम चिंचय या संचाचे प्रमुख. नाव किती साधं पाहा, एका गावाचं, आणि सोबत 'मंडळी'.

कोळीगीतं आधीही होतीच. शांता शेळके यांचं 'मी डोलकर' हृदयनाथांच्या चालीत लताबाई आणि हेमंतकुमार गायले. गोडच आहे ते. पण ते कोळीवाड्याबाहेरच्या थोर कलावंतांनी रचलेलं. तबकडी काढायची तर मोठी कंपनी हवी, आकाशवाणीवर गायचं तर आवाजाची चाचणी. १९८० नंतर स्वस्त कॅसेट आल्या आणि चित्र पालटलं. गावातला संचही घरोघरच्या टू-इन-वनवर पोचू लागला.

मास्तर म्हणून मला यात मोठं वाटतं ते भाषेचं. कोळी बोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल'. शाळेत आम्ही 'पाणी' लिहायला शिकवायचो. ते शिकवायला हवंच होतं. पण किनाऱ्यावरची पोरं मोठ्याने वाचताना दबकायची, कारण 'पानी' म्हटलं की बाकीची खिदळायची. तीच बोली कॅसेटमधून, मांडवातल्या कर्ण्यातून खणखणीत ऐकू येऊ लागली, आणि खिदळणारी पोरंही तिच्यावर नाचू लागली! क्रमिक पुस्तकांत मी ही बोली फारशी पाहिली नाही.

पुढे कॅसेट गेल्या, सीडीही गेल्या. आता यूट्यूबवर आगरी-कोळी गाण्यांचा पूर आहे. बरीचशी एकाच ठेक्याची (रागावू नका, वय झालं माझं). पण ती पोरं आपल्या बोलीत बिनदिक्कत गातात. ही वाट वेसावकरांसारख्यांनी मळलेली.

काशीराम चिंचय २०२४ मध्ये गेले. त्यानंतरही हळदींना पारू वाजली, सगळे नाचले. त्यांचं नाव कोणी घेतलेलं मी तरी ऐकलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.