शिक्षण खात्याचे पद आणि शिक्षकांचे मत

अमेरिकेतील निवडणुकांच्या बातम्या मराठीत आणताना एक पद दर वेळी अनुवादकाला थांबवते. तेथील बारा राज्यांत शालेय शिक्षणाचा प्रमुख थेट मतदारांकडून निवडला जातो. उमेदवार बहुधा वर्गात शिकवलेला असतो, कधी सैन्यातून निवृत्त झालेला असतो, आणि आपण परंपरावादी आहोत हे तो प्रचारपत्रकावर अभिमानाने छापतो. या पदाला 'शिक्षणाधिकारी' म्हटले तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जिल्हा परिषदेचे कार्यालय उभे राहते; 'शिक्षणमंत्री' म्हटले तर अर्थच बदलतो. 'राज्य शिक्षण अधीक्षक' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. मात्र आपल्याकडे अधीक्षक मते मागत दारोदार फिरत नाही.

हे पद केवळ शोभेचे नाही. ओक्लाहोमा राज्यात इतिहासाचे शिक्षक असलेले रिपब्लिकन पक्षाचे रायन वॉल्टर्स २०२२ मध्ये या पदावर निवडून आले. जून २०२४ मध्ये त्यांनी सरकारी शाळांत पाचवी ते बारावीच्या वर्गांत बायबलचा समावेश करण्याचा आदेश काढला. २०२५ च्या शरदात ते पदावरून गेले. त्यांच्या जागी राज्यपालांनी नेमलेल्या अधीक्षकांनी तो आदेश मागे घेतला. जॉर्जियात माध्यमिक शाळेत दीर्घकाळ शिकवलेले रिचर्ड वुड्स २०१४ पासून लागोपाठ तीनदा निवडून आले. शाळेत काय शिकवावे हा प्रश्न तेथे मतपेटीत टाकला जातो, आणि मतदाराचा कौल बदलला की धडाही बदलू शकतो.

भारतात असे पद नाही. शिक्षण संचालक नेमला जातो, शिक्षणमंत्री मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवरून होतो. तरीही शिक्षकांच्या मतांवर निवडून येण्याची एक वाट आपल्या राज्यघटनेत आहे. ती कोठून आली आणि कोठवर जाते, हे पाहण्यासाठी तंजावूरच्या राजवाड्यापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. कारण शिक्षणाची सत्ता कोणाकडे असावी याची तीन वेगवेगळी उत्तरे या एका परिसराने पाहिली आहेत.

राजा, संचालक आणि दिवाण

दुसरे सरफोजी महाराज १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि महाराजांच्या हाती किल्ला व त्याच्या आसपासचा प्रदेश एवढाच उरला. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने उरलेल्या सत्तेचा मोठा भाग विद्येकडे वळवला. नवविद्याकलानिधी या नावाने त्यांनी शाळा चालवली, १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना उभारला आणि त्या छापखान्यातून इसापच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर बाहेर पडले. सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट त्यांच्याच काळातली. येथे शिक्षण काय असावे हे एकच माणूस ठरवत होता, आणि तो सुदैवाने जाणकार होता.

ही व्यवस्था १८५५ मध्ये संपली. त्या वर्षी शिवाजी महाराज (सरफोजींचे पुत्र) निपुत्रिक वारले आणि डलहौसीच्या धोरणाने गादी खालसा झाली. त्याच वर्षी मद्रासमध्ये वुड यांच्या १८५४ च्या खलित्यानुसार शिक्षण संचालकाचे पद निर्माण होऊन अलेक्झांडर आर्बथनॉट यांची त्यावर नेमणूक झाली. मुंबई इलाख्यातही तेच घडले. राजाच्या जागी अधिकारी आला. राजवाड्याच्या सावलीत शिकवणाऱ्या मास्तरांच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र तशीच राहिली: वरिष्ठ कोण असावा हे त्यांना कोणी विचारले नाही.

तिसरे उदाहरण तंजावूरच्या मराठी मंडळींना विशेष जिव्हाळ्याचे. १८२८ मध्ये कुंभकोणम येथे मराठी देशस्थ कुटुंबात जन्मलेले टी. माधवराव मद्रासमध्ये एअर बर्टन पॉवेल यांच्या हाताखाली शिकले. १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि काही वर्षांतच त्या संस्थानचे दिवाण. पुढे इंदूर व बडोदा येथेही त्यांनी दिवाणगिरी केली. बडोद्यात तरुण सयाजीराव गायकवाडांच्या जडणघडणीवर त्यांची देखरेख होती. त्याच सयाजीरावांनी पुढे १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. शिक्षक राज्याच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचू शकतो याचे हे ठळक उदाहरण आहे, पण ती पायरी राजाच्या मर्जीची होती.

बारावा हिस्सा

स्वतंत्र भारताच्या घटनेने चौथी वाट काढली. कलम १७१ नुसार ज्या राज्यांत विधान परिषद आहे, तेथील सुमारे एक द्वादशांश सदस्य शिक्षक निवडतात. तेवढ्याच जागा पदवीधरांना आहेत. उरलेल्या जागा स्थानिक स्वराज्य संस्था, विधानसभेचे सदस्य आणि राज्यपालांची नियुक्ती यांतून भरल्या जातात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत शिक्षकांचे सात आमदार असतात.

मतदार कोण, याची व्याख्या बारीक आहे. माध्यमिक दर्जापेक्षा खालच्या नसलेल्या, त्याच राज्यातील संस्थेत आधीच्या सहा वर्षांपैकी एकूण किमान तीन वर्षे शिकवलेले असावे लागते. म्हणजे पहिलीच्या मुलांना अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या गुरुजींना हे मत नाही. सैन्यातून निवृत्त होऊन शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाच्या सैनिकी सेवेलाही येथे वजन नाही. मोजली जातात ती फक्त वर्गातली वर्षे. मतदान यंत्रावर होत नाही. मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते; मतदार जांभळ्या स्केच पेनने नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. एका जागेसाठी वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक मत हा कोटा ठरतो आणि तो कोणालाच मिळाला नाही, तर तळाच्या उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे जातात. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांच्या याही निवडणुकीत बाद मते निघतात, हे मतमोजणीच्या प्रत्येक बातमीत वाचायला मिळते.

उमेदवाराने शिक्षक असलेच पाहिजे का? नाही. पदवीधर मतदारसंघाबाबत हाच वाद मद्रासमध्ये उभा राहिला होता. निवडून आलेला उमेदवार पदवीधर नाही, या कारणावरून एस. नारायणस्वामी यांच्या निवडीला जी. पन्नीरसेल्वम यांनी आव्हान दिले. मद्रास उच्च न्यायालयाला तो आक्षेप पटला. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये निकाल फिरवला: घटनेने मतदाराची पात्रता ठरवली आहे, उमेदवाराची नव्हे. शिक्षक मतदारसंघालाही तेच तत्त्व लागू पडते. मुंबई शिक्षक मतदारसंघातून २००६ ते २०२४ या काळात आमदार राहिलेले कपिल पाटील मूळचे पत्रकार होते. हे योग्य की अयोग्य, यावर शिक्षक संघटनांत आजही दोन मते आढळतात. वर्ग न पाहिलेला माणूस शिक्षकाचे दुःख काय मांडणार, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू विचारते की, संस्थाचालकाच्या दबावाखाली नोकरी करणाऱ्याने त्याच्याविरुद्ध बोलायचे तरी कसे?

हुबळीचे मास्तर

शिक्षकांच्या मतांवर निवडून येऊन खात्यापर्यंत पोहोचल्याचे सर्वांत बोलके उदाहरण सीमाभागाला लागून आहे. बसवराज होरट्टी हे हुबळीत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. १९८० मध्ये ते कर्नाटक पश्चिम शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले आणि तेव्हापासून २०२२ पर्यंत सलग आठ वेळा तेथूनच निवडून आले. या मतदारसंघात धारवाड, हावेरी, गदग यांच्यासह कारवारचा समावेश असलेला उत्तर कन्नड जिल्हाही येतो. प्रारंभी अपक्ष, नंतर जनता परिवारात आणि २०२२ मध्ये भारतीय जनता पक्षात असा त्यांचा प्रवास झाला. पक्ष बदलले, मतदार तेच राहिले.

एच. डी. कुमारस्वामी यांच्या मंत्रिमंडळात २००६ मध्ये होरट्टी यांच्याकडे शालेय शिक्षण खाते आले. अमेरिकेतील अधीक्षकाला जे मतदार देतात, ते येथे एका शिक्षकाला आघाडी सरकारच्या वाटपातून मिळाले. कन्नड माध्यमाची परवानगी घेऊन प्रत्यक्षात इंग्रजीतून शिकवणाऱ्या दोन हजारांहून अधिक खासगी शाळांची मान्यता त्यांच्या काळात काढून घेण्यात आली. मातृभाषेतून शिक्षणाचे समर्थक या निर्णयामागे उभे राहिले. पालक आणि संस्थाचालक न्यायालयात गेले. माध्यमाच्या सक्तीचा मूळ वाद २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठासमोर निकाली निघाला. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम राज्य लादू शकत नाही, ती निवड पालकाची आहे, असे पीठाने ठरवले. या निर्णयाला 'परंपरावादी' म्हणावे की 'भाषाभिमानी', हे वाचणाऱ्याच्या घरी कोणती भाषा बोलली जाते यावर अवलंबून राहील. बेळगाव आणि कारवार येथील मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही.

नागपूरचा कौल

महाराष्ट्रात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांशी जवळीक असलेली शिक्षक परिषद अनेक वर्षे या निवडणुका लढवत आली आहे. तिचे नागो गाणार हे नागपूर शिक्षक मतदारसंघाचे दोन वेळा आमदार होते. जानेवारी २०२३ मध्ये तिसऱ्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांना भाजपचा पाठिंबा होता आणि लढत संघाच्या मुख्यालयाच्या शहरात होती. तरीही महाविकास आघाडीने पाठिंबा दिलेले सुधाकर अडबाले यांनी त्यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. त्याच फेरीत कोकणात भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे विजयी झाले, त्यामुळे निकालाचा अर्थ एका विचारसरणीचा पाडाव असा लावता येत नाही.

नागपुरात निर्णायक ठरली ती जुनी पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्या कर्मचाऱ्यांना तेव्हा महाराष्ट्रात जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नागपूरच्याच अधिवेशनात, ती पुन्हा लागू केल्यास तिजोरीवर सुमारे १ लाख १० हजार कोटी रुपयांचा भार पडेल, असे सांगितले होते. पुढच्याच महिन्यात मतदान झाले. अभ्यासक्रम, संस्कार, इतिहासाची पुस्तके हे विषय दूरचित्रवाणीवरील चर्चांत गाजतात. शिक्षकाच्या मतपत्रिकेवर मात्र पगार, अनुदान आणि म्हातारपण यांचीच छाया दिसते. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण त्यांनी निवडलेल्या आमदाराला पाठ्यपुस्तक बदलण्याचा अधिकार नसतोच. तो प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी मांडू शकतो, शिष्टमंडळ घेऊन मंत्रालयात जाऊ शकतो.

तामिळनाडूत परिषदच उरली नाही

तंजावूरच्या राजवाड्याभोवतालच्या माध्यमिक शाळांतील शिक्षकांनाही हे मत होते. १९८६ पर्यंत.

तामिळनाडूतील विधान परिषदेचा इतिहास तसा वादळी. १९५२ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी निवडणूक न लढवता राज्यपालांच्या नियुक्तीने परिषदेचे सदस्य झाले आणि त्या बळावर मुख्यमंत्री बनले. त्यांनी १९५३ मध्ये आणलेल्या प्राथमिक शिक्षण योजनेत मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ घरचा व्यवसाय शिकण्यात घालवावा, अशी कल्पना होती. जातीचा धंदा मुलाच्या माथी मारणारी योजना म्हणून तिला तीव्र विरोध झाला. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांनी योजना गुंडाळली. शिक्षणातील परंपरावादाचा दक्षिणेतील हा सर्वांत गाजलेला प्रयोग. त्याला शिक्षकांचे वा मतदारांचे मत आधी विचारले गेले नव्हते, त्याचा निकाल मात्र रस्त्यावर लागला.

परिषद गेली ती एका नियुक्तीच्या वादातून. १९८६ मध्ये मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी अभिनेत्री वेण्णिर आडै निर्मला यांना सदस्य करण्याचे ठरवले. त्या दिवाळखोर जाहीर झाल्या असल्याने प्रकरण चिघळले. नियुक्ती मागे पडली, पण १४ मे १९८६ रोजी विधानसभेने परिषदच बरखास्त करण्याचा ठराव केला आणि १ नोव्हेंबर १९८६ पासून ती अस्तित्वातून गेली. शिक्षकांच्या जागांचा त्या वादाशी काही संबंध नव्हता. घर पाडले, तेव्हा त्यांची खोलीही पडली.

पुढे द्रमुक सत्तेवर आला की पुनरुज्जीवनाचा ठराव, अण्णाद्रमुक आला की तो रद्द, असा क्रम चालला. २०१० मध्ये संसदेने कायदाही संमत केला. त्यानुसार ७८ सदस्यांची परिषद होणार होती आणि सात जागा शिक्षकांना मिळणार होत्या. निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. २०११ मध्ये जयललिता यांच्या सरकारने ठराव मागे घेतला. २०२१ च्या जाहीरनाम्यात द्रमुकने पुन्हा तेच आश्वासन दिले, पण त्यानंतरही परिषद स्थापन झाली नाही.

आज विधान परिषद महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगण, उत्तर प्रदेश आणि बिहार या सहा राज्यांत आहे. बेळगावच्या मराठी शाळेत दहावीला शिकवणारा शिक्षक दर सहा वर्षांनी जांभळा पेन हातात घेतो. तंजावूरला तोच विषय शिकवणाऱ्या मराठी घरातील शिक्षकाला ती संधी नाही.