घराच्या बागेत फुटबॉलचे मैदान : बंगळुरूत खर्च किती, पाणी किती?

बंगळुरू शहराचे फुटबॉलशी नाते जुने आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज यांसारख्या सार्वजनिक उद्योगांच्या संघांनी ते वाढविले आणि २०१३ साली स्थापन झालेल्या बंगळुरू एफसीने २०१८-१९ च्या मोसमात इंडियन सुपर लीगचे विजेतेपद पटकावून त्याला नवी झळाळी दिली. खेळाची आवड वाढत असताना मोकळ्या जागा मात्र आक्रसत गेल्या. परिणामी, घराभोवती थोडीफार बाग असलेल्या कुटुंबांमध्ये मुलांसाठी तेथेच लहानसे मैदान करावे, असा विचार होऊ लागला आहे. त्यासाठी जागा, पैसा आणि पाणी किती लागते, तसेच कोणते नियम पाळावे लागतात, याचा हा आढावा.

जागेचे गणित

फुटबॉलच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय सामन्याच्या मैदानाची लांबी १०० ते ११० मीटर व रुंदी ६४ ते ७५ मीटर असते. प्रचलित १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेदोन एकर भरते. घरगुती बागेत ते शक्य नाही, हे उघड आहे.

पाच-पाच खेळाडूंच्या फुटसालसाठी किमान २५ बाय १६ मीटर, म्हणजे ४०० चौरस मीटर जागा लागते. हे क्षेत्र सुमारे ४,३०० चौरस फूट किंवा जवळपास चार गुंठे होते. बंगळुरूमधील निवासी भूखंड सर्वसाधारणपणे ३० बाय ४०, ४० बाय ६० किंवा ५० बाय ८० फुटांचे असतात. यांपैकी सर्वांत मोठा भूखंडही ४,००० चौरस फुटांचाच असल्याने त्यावरील घर पाडले तरी फुटसालचे नियमबद्ध मैदान त्यात बसत नाही.

म्हणून घरगुती मैदान म्हणजे वस्तुतः सरावाचा पट्टा होय. २० बाय १० मीटरचा, म्हणजे २०० चौरस मीटरचा पट्टा तीन-तीन मुलांच्या खेळाला पुरेसा होतो. त्याला सुमारे २,१५० चौरस फूट किंवा दोन गुंठ्यांना किंचित कमी जागा लागते. शहराच्या सीमेवरील मोठे भूखंड, जुने बंगले आणि शेतघरे येथे अशी जागा मिळू शकते. पुढील सर्व हिशेब याच पट्ट्याचा आहे.

पायाभरणी महत्त्वाची

पृष्ठभाग नैसर्गिक गवताचा असो वा कृत्रिम हिरवळीचा, मैदानाचे आयुष्य त्याखालील थरांवर अवलंबून असते. कृत्रिम हिरवळीसाठी प्रथम वरची माती काढून जमीन समतल केली जाते व रोलरने दाबली जाते. त्यावर खडी व कच यांचा थर देतात. २०० चौरस मीटरवर १५ सेंटिमीटर जाडीचा दाबलेला थर हवा असल्यास ३० घनमीटर, म्हणजे साडेदहा ब्रासहून थोडे अधिक साहित्य लागते. दाबल्यानंतर आकार घटत असल्याने प्रत्यक्षात सुमारे १३ ब्रास खडी मागवावी लागते.

पाण्याच्या निचऱ्यासाठी साधारण एक टक्का उतार दिला जातो. १० मीटर रुंदीच्या पट्ट्यात मध्यभाग दोन्ही कडांपेक्षा ५ सेंटिमीटर उंच ठेवल्यास हे साधते. बंगळुरूत वर्षभरात सरासरी ९७० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ईशान्य मोसमी पाऊसही हजेरी लावतो. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर या लहानशा पट्ट्यावर १० हजार लिटर पाणी पडते. ते शोषखड्ड्यात किंवा टाकीत वळविण्याची सोय नसेल तर ते घराच्या पायाकडे अथवा शेजाऱ्याच्या अंगणात जाते. शहरातील एम. चिन्नस्वामी क्रिकेट स्टेडियममध्ये २०१७ साली निचऱ्यासाठी जमिनीखालून पाणी खेचून घेणारी यंत्रणा बसविण्यात आली, यावरून या बाबीचे महत्त्व लक्षात येईल.

बंगळुरूची तांबडी माती पाणी तुलनेने लवकर शोषते. महाराष्ट्रातील काळी माती मात्र ओली झाल्यावर फुगते व वाळल्यावर भेगाळते. त्यामुळे तेथे असे काम करताना पाया अधिक खोल घ्यावा लागतो.

कृत्रिम हिरवळीचा खर्च

फुटबॉलसाठीच्या कृत्रिम हिरवळीचे तंतू सर्वसाधारणपणे ४० ते ६० मिलिमीटर उंचीचे असतात व त्यांच्यात वाळू आणि रबराचे कण भरले जातात. सजावटीसाठी विकली जाणारी आखूड तंतूंची हिरवळ स्वस्त असली, तरी खेळासाठी ती उपयोगी नाही. तिच्यावर पडल्यास गुडघे व कोपरे सोलवटतात.

खरेदीपूर्वी गुंडाळीची रुंदी विचारून घ्यावी. ४ मीटर रुंदीच्या गुंडाळ्या घेतल्यास १० मीटरच्या पट्ट्यासाठी तीन गुंडाळ्या लागतात. म्हणजे २४० चौरस मीटर हिरवळ विकत घेऊन ४० चौरस मीटर कापून टाकावी लागते. पट्ट्याची रुंदी ८ किंवा १२ मीटर ठेवल्यास हा अपव्यय टळतो.

हिरवळीखेरीज जाळी, खांब, गोलपोस्ट व दिवे यांचा खर्च येतो. पट्ट्याचा परीघ ६० मीटर आहे. पाच मीटर उंचीची जाळी लावायची तर ३०० चौरस मीटर जाळी लागते; वरूनही झाकायचे असल्यास आणखी २०० चौरस मीटर. कंत्राटदारांची कोटेशने पाया, हिरवळ, जाळी व दिवे धरून बहुधा प्रतिचौरस फूट दराने दिली जातात. उदाहरणादाखल २५० रुपये दर धरला, तर २,१५० चौरस फुटांचा खर्च सुमारे ५ लाख ३८ हजार रुपये होतो. दरात प्रतिचौरस फूट १० रुपयांचा फरक पडला, तरी एकूण रकमेत साडेएकवीस हजारांचा फरक पडतो. त्यामुळे दरात कोणकोणती कामे समाविष्ट आहेत, हे लेखी घेणे आवश्यक ठरते.

कृत्रिम हिरवळ साधारणतः आठ ते दहा वर्षांनी बदलावी लागते. त्या वेळी पाया कायम राहतो. केवळ वरचा थर बदलण्यास ९० रुपये दर धरल्यास १ लाख ९४ हजार रुपये पुन्हा खर्चावे लागतात. शिवाय ही हिरवळ भर उन्हात हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. २४ एप्रिल २०१६ रोजी बंगळुरूचे तापमान ३९.२ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले होते. अशा दिवसांत दुपारी तिच्यावर मुलांना खेळू देणे योग्य नव्हे.

रबराच्या कणांचा प्रश्नही आहे. ते पावसाबरोबर वाहून मातीत व नाल्यांत जातात. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकविषयी नियम करून अशा कणांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंद करण्याचे ठरविले आहे. भारतीय ग्राहकाने पट्ट्याच्या कडेला अडसर घालून हे कण रोखणे इष्ट होय.

गवताची तहान

खेळाच्या मैदानासाठी बर्म्युडा गवत वापरतात. मराठी वाचकांच्या ओळखीची हरळी, म्हणजेच दूर्वा, ती हीच. तुडवली गेली तरी ती पुन्हा फुटते, हा तिचा मोठा गुण. मात्र तिला भरपूर ऊन हवे. झाडांच्या सावलीत ती विरळ होते.

माती, खत, रोपण व पाण्याचे नळ धरून प्रतिचौरस फूट ६० रुपये खर्च मानल्यास या पट्ट्याला १ लाख २९ हजार रुपये लागतात. ही रक्कम कृत्रिम हिरवळीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे. परंतु खरा खर्च नंतर सुरू होतो. कोरड्या दिवसांत गवताला रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते, असे धरले तर २०० चौरस मीटरसाठी दिवसाला १ हजार लिटर पाणी हवे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई १३५ लिटरचे प्रमाण मानले जाते. याचा अर्थ असा, की हा पट्टा सात माणसांचे पाणी पितो.

बंगळुरूत ही बाब केवळ हिशेबाची राहिलेली नाही. शहराला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून उचलून आणावे लागते. मार्च २०२४ मधील टंचाईत पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने बागकाम, वाहने धुणे आदींसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि ५ हजार रुपये दंड ठरविला. उल्लंघन सुरूच राहिल्यास दररोज ५०० रुपये जादा दंडाची तरतूद होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अशीच बंदी पुन्हा जाहीर झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा कार्यान्वित होऊन दररोज ७७.५ कोटी लिटर वाढीव पाण्याची क्षमता निर्माण झाली होती. तरीही चार महिन्यांत बंदी घालावी लागली, हे लक्षणीय आहे.

टँकरचा पर्याय घेतल्यास, मार्च २०२४ मध्ये जिल्हा प्रशासनाने ५ किलोमीटरच्या आतील १२ हजार लिटरच्या टँकरसाठी १ हजार रुपये दर ठरविला होता. महिन्याच्या ३० हजार लिटरला त्या दराने अडीच हजार आणि पाच कोरड्या महिन्यांना साडेबारा हजार रुपये लागतात. दहा वर्षांत ही रक्कम सव्वा लाखावर जाते. माळ्याला महिना ३ हजार रुपये धरल्यास त्यात ३ लाख ६० हजारांची भर पडते. एकूण खर्च ६ लाख १४ हजार होतो. कृत्रिम हिरवळीचा दहा वर्षांचा खर्च, एकदा वरचा थर बदलणे आणि देखभालीचे महिना १ हजार रुपये धरून, साडेआठ लाखांच्या घरात जातो. प्रारंभी दिसणारी चौपट तफावत अशा रीतीने बरीच कमी होते.

सांडपाणी शुद्ध करून वापरणे हा मधला मार्ग आहे. २०२४ च्या टंचाईत चिन्नस्वामी स्टेडियमलाही कब्बन पार्कमधील प्रकल्पातून असे शुद्ध केलेले पाणी पुरविण्यात आले. मोठ्या क्रिकेट मैदानाने जे केले, ते घरगुती बागेलाही स्नानगृहाच्या सांडपाण्यावर साध्या गाळणीद्वारे करता येते.

नियम आणि सुरक्षितता

कर्नाटक वृक्षसंरक्षण कायदा, १९७६ नुसार, स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या असल्याने आपला भाग कोणत्या पालिकेत येतो, हे आधी पाहून घ्यावे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मैदान भाड्याने दिल्यास तो व्यवसाय ठरतो आणि परवाना व वीजदर यांचे नियम बदलतात.

गोलपोस्ट जमिनीत घट्ट रोवलेला असावा, असे खेळाचे नियम सांगतात. सैल गोलपोस्टला मुले लोंबकळतात आणि तो अंगावर उलटून जगात अनेक ठिकाणी मृत्यू झाले आहेत. या बाबतीत काटकसर करू नये.

बांधावे की भाड्याने घ्यावे?

शहरातील टर्फ मैदानाचे भाडे तासाला १,२०० रुपये धरले व आठवड्याला दोन तास खेळ झाला, तर वर्षाला १ लाख २४ हजार ८०० रुपये होतात. एकाच कुटुंबाने सारे भाडे भरले, तर घरच्या कृत्रिम मैदानाचा प्रारंभिक खर्च सुमारे सव्वाचार वर्षांत भरून निघतो. तेच भाडे दहा खेळाडूंनी वाटून घेतल्यास प्रत्येकी वर्षाला साडेबारा हजारांहूनही कमी पडतात. मग स्वतःचे मैदान बांधणे आर्थिकदृष्ट्या परवडत नाही.

ज्या घरी मुले रोज खेळतात, त्यांच्यासाठी हा हिशेब वेगळा ठरू शकतो. अशा कुटुंबांनीही आधी दोन लहान, पक्के रोवलेले गोल लावून आहे त्या जमिनीवर एक उन्हाळा व एक पावसाळा खेळून पाहावे. पाणी कोठे साचते, चेंडू कोणाच्या खिडकीकडे जातो आणि मुलांचा उत्साह किती टिकतो, हे तेवढ्या काळात कळते. कोटेशन मागविण्याची योग्य वेळ त्यानंतरची होय.