प्लीहेवरील आघात आणि शल्यचिकित्सेची बदलती दृष्टी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

उदराच्या वरच्या डाव्या भागात, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असलेली प्लीहा, म्हणजेच लोकव्यवहारातील पाणथरी, प्रौढ व्यक्तीत साधारणपणे १५० ग्रॅम वजनाची असते. मऊ व रक्ताने भरलेला हा अवयव रस्ते अपघातात सहज फाटतो. दुचाकीच्या हँडलचा पोटावर बसलेला दणकाही त्यास पुरेसा ठरतो. बाहेर जखम दिसत नाही. रुग्ण बोलत असतो, डावा खांदा दुखतो एवढेच सांगतो आणि आत रक्तस्राव चालू असतो. अशा रुग्णाची प्लीहा काढावी की राखावी, या प्रश्नाच्या उत्तरात गेल्या शतकात मूलगामी बदल झाला. त्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मोटारपूर्व काळ :

भारतात प्लीहाभेदाची चर्चा मोटारी येण्यापूर्वीच न्यायालयांत झाली होती. हिवतापाने वाढलेली प्लीहा हलक्या माराने फुटे. आग्रा येथे फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने मारलेला मोतद्दार प्लीहा फुटून मरण पावला. दंडाधिकाऱ्याने फुलरला केवळ ३० रुपये दंड केला. १८७६ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारने या निकालावर जाहीर नापसंती व्यक्त केली. मृताचा आजार हाच मारणाऱ्याचा बचाव ठरत असल्याचे या प्रकरणातून स्पष्ट दिसते.

उच्छेदनाचे युग :

१८९२ मध्ये ब्रेस्लाऊ येथे रीगनर यांनी आघाताने फाटलेली प्लीहा काढून रुग्ण वाचविला. पुढे कोखर यांच्यासारख्या नामवंत शल्यविशारदांनीही, प्लीहा काढल्याने अपाय होत नाही, असे मत मांडले. त्यामुळे मोटारींबरोबर अपघात वाढले तेव्हा प्लीहोच्छेदन हाच सर्वमान्य उपचार होता. ताबडतोब प्राण वाचत असल्याने त्याविषयी शंका घेण्याचे कारण कोणास वाटले नाही.

दृष्टिबदल :

१९५२ मध्ये किंग व शुमाकर यांनी प्लीहा काढलेल्या अर्भकांतील तीव्र जंतुसंसर्गाची नोंद प्रसिद्ध केली. ही अर्भके अपघातग्रस्त नव्हती, रक्तविकाराची होती. तरीही प्लीहा निरुपयोगी नाही, हे त्यातून पुढे आले. न्यूमोकोकससारख्या जंतूंना रक्तातून गाळण्याचे कार्य ती करते. ती नसलेल्या व्यक्तीस अनेक वर्षांनंतरही काही तासांत जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

याच सुमारास टोरांटो येथील बालरुग्णालयात शस्त्रक्रियेविना उपचारांचा अनुभव जमा होत होता. तो १९६८ मध्ये उपाध्याय व सिम्पसन यांनी मांडला. मुलांच्या प्लीहेतील रक्तस्राव अनेकदा आपोआप थांबतो, या विचारास त्यामुळे बळ मिळाले. १९७१ मध्ये लंडनमध्ये सीटी स्कॅनचा प्रथम वापर झाला. पुढे हे तंत्र उदरासाठीही उपलब्ध झाल्यावर इजेची खोली पोट न उघडता कळू लागली. १९८९ मध्ये अमेरिकेत इजेच्या पाच श्रेणी ठरविण्यात आल्या. रक्तवाहिनीत नळी घालून रक्तस्राव रोखण्याचे तंत्रही रूढ झाले. रक्तदाब स्थिर असलेल्या प्रौढांनाही आता निरीक्षणाखाली ठेवले जाते. अस्थिर रुग्णास मात्र विनाविलंब शस्त्रक्रियाच करावी लागते.

भारतीय संदर्भ :

‘निरीक्षण’ याचा अर्थ वाट पाहणे नव्हे. त्यासाठी अतिदक्षता विभाग, रक्तपेढी, सीटी स्कॅन आणि रात्रीही सज्ज शस्त्रक्रियागृह लागते. या सोयी नसतील आणि रुग्णास वेळेत हलविता येत नसेल, तर तेथे प्लीहोच्छेदन हा मागासलेपणा नसून विवेकी निर्णय ठरतो. मात्र त्यानंतर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिमोफिलस यांच्या प्रतिबंधक लसी देणे आणि ताप येताच रुग्णालय गाठण्याची सूचना देणे आवश्यक असते.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जखमीवर आधी उपचार, नंतर कायदेशीर सोपस्कार, असा दंडक घालून दिला. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले.

समारोप :

प्लीहेच्या उपचाराचा इतिहास हा केवळ शस्त्रकौशल्याचा इतिहास नाही. अवयव राखण्याचे ज्ञान आज उपलब्ध आहे. परंतु त्याचा लाभ कोणाला मिळेल, हे अपघातस्थळ व सुसज्ज रुग्णालय यांतील अंतरावरच अवलंबून राहते.