शून्य सेकंदाखाली काय?

आमच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. अशा ठिकाणी थरामागून थर खोदत गेलं की शेवटी कोरी माती लागते. वस्तीचा इतिहास तिथे संपतो, जमीन नाही.

विश्वाचा इतिहास असाच मागे नेला, तर आइन्स्टाइनच्या समीकरणांत घनता अनंत होते. त्याला आपण बिनधास्त ‘सुरुवात’ म्हणतो. खरं तर सिद्धांत तिथे संपतो, एवढंच कळतं.

शिरपूरला १९४९ मध्ये जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये तीच समीकरणं नव्या चलराशींत लिहिली. त्यातून लूप क्वांटम गुरुत्वाचा मार्ग खुला झाला. वीस वर्षांनी, २००६ मध्ये, तोमाश पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्यासह त्यांनी सगळीकडे सारख्या घनतेचं सोपं विश्व संगणकावर मागे चालवलं. घनता अनंत झालीच नाही. एका कमाल मर्यादेला (आजच्या हिशेबाने प्लांक घनतेच्या सुमारे ०.४१ पट) विश्वाने उसळी घेतली, त्याआधी ते आकुंचन पावत होतं.

निरीक्षणांचा पुरावा अजून नाही. पण संशोधनात येताय तर एवढं लक्षात ठेवा: उत्तर अनंत आलं की प्रश्न संपत नाही. तो कोणत्या चलराशींत मांडलाय, ते आधी बघायचं.