समांतर रेषेचे समीकरण : एका गृहीतकाचा इतिहास

य = २क्ष + ३ या रेषेस समांतर व (१, ४) या बिंदूतून जाणारी रेषा कोणती, याचे उत्तर विद्यार्थी सहज देतो : चढ तोच, म्हणून य = २क्ष + २. उत्तर एकच येते. परंतु ते एकच का, हा प्रश्न गणितज्ञांना दोन सहस्रकांहून अधिक काळ छळत होता.

इ. स. पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील ३१ व्या विधानात अशी रेषा रचून दाखविली. तिचे एकमेवत्व मात्र त्याच्या पाचव्या गृहीतकावर अवलंबून आहे. १७९५ मध्ये जॉन प्लेफेअर यांनी ‘एका बिंदूतून एकच समांतर रेषा’ हे त्याचे सुटसुटीत रूप रूढ केले. ते सिद्ध करण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. उलट लोबाचेव्हस्की (१८२९) व बोल्याई (१८३२) यांनी ते नाकारून अशी भूमिती उभारली, की जीत एका बिंदूतून अनेक समांतर रेषा जातात.

देकार्तच्या १६३७ मधील ग्रंथापासून विकसित झालेल्या निर्देशक भूमितीचे प्रतल युक्लिडीय आहे. म्हणजेच आपले समीकरण ज्या एकमेवत्वाची ग्वाही देते, ते प्रतलाच्या निवडीतच सामावलेले असते. चढाचे सूत्र शिकविताना ही निवड विद्यार्थ्यांसमोर उघड करणे, हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.