लाख रुपयांचा चरखा आणि वर्ध्याचे यंत्रशिक्षण

आजचा विषय आम्ही जरा आडवाटेने गाठणार आहोत. स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंग, औद्योगिक स्वयंचलन असे विषय घेऊन एम.टेक. करायला निघालेल्या मुलांसाठी हे व्याख्यान आहे, आणि त्याची सुरुवात आम्ही चरख्यापासून करतोय. सेवाग्रामला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तरी लोक विचारतातच, बापूंच्या गावात रोबोटचं काय काम? आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, यंत्र उघडून दुरुस्त करणं आमच्या हातचं नाही. पण हा प्रश्नच अपुऱ्या माहितीवर उभा आहे, एवढं मात्र ठामपणे सांगता येतं.

जुलै १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! त्याच्या अटी वाचल्या म्हणजे तो भक्तिभावाचा कागद वाटत नाही, चांगल्या अभियंत्याने तयार केलेली मागणी वाटते. चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा. बाईला त्यावर सलग आठ तास फार न थकता काम करता यावं. त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, वीस वर्षं टिकावा आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

आता हिशेब करून बघा. १६,००० फूट म्हणजे मिनिटाला साधारण ३३ फूट. पाच टक्के म्हणजे वर्षाला साडेसात रुपये, आणि वीस वर्षांचे होतात बरोब्बर दीडशे. यंत्राच्या सगळ्या आयुष्यातली दुरुस्ती यंत्राच्या किमतीएवढ्यात बसली पाहिजे! आजकाल यंत्र बिघडण्याआधीच बिघाड ओळखायचा, असं एक शास्त्र स्मार्ट कारखान्यांत शिकवतात. त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे. फरक एवढाच, की १९२९ च्या अटींत चालवणाऱ्या बाईचा थकवाही यंत्राच्या मोजमापात धरला होता.

बक्षीस कोणालाच मिळालं नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही या कामात हात घातला होता, पण सगळ्या अटी एकाच यंत्रात बसेनात. आम्हाला हे अपयश फार मोलाचं वाटतं. ‘गांधी यंत्राच्या विरोधात’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. विरोधच असता तर यंत्र शोधायला लाख रुपये कशाला लावले असते? शिवणयंत्राला तर ते १९२४ मध्येच अपवाद म्हणून मोकळे झाले होते. ती यंत्रं बनवायला कारखाने लागतील, हेही त्यांनी मान्य केलं. फक्त ते सरकारच्या हाती असावेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग वर्धा. डिसेंबर १९३४ मध्ये इथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार उभा केला. कुमारप्पा म्हणजे लंडनला हिशेबतपासनीस झालेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस. त्यांच्या देखरेखीखाली तेलघाणी सुधारली, हातकागद झाला, खाद्यतेलावर चालणारा मगनदीप झाला. त्याला प्रयोगशाळा म्हणायला आपल्याला संकोच वाटतो, कारण तिथे पांढरा कोट नव्हता, बैल होता.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. टकळीवर सूत काढताना गणितही शिकायचं, कापसाचा भूगोलही. मुलांच्या कमाईतून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर तेव्हाच टीका झाली, आणि आमच्या मते ती रास्त होती. मूल म्हणजे मजूर नव्हे. पुढे १९४५ च्या सुमारास ही कल्पना ‘उत्तम बुनियादी’पर्यंत, म्हणजे विद्यापीठापर्यंत नेली गेली. आणि गंमत बघा, १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगात ग्रामीण विद्यापीठाचा विचार हिरीरीने मांडणारे आर्थर मॉर्गन हे अमेरिकेतल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष, धरणं बांधणारे अभियंते! धरणवाल्याला जे पटलं, ते आपल्या विद्यापीठांना फारसं पटलं नाही. पदवी एकीकडे गेली आणि हात दुसरीकडे.

त्याच सुमारास, १९४९ मध्ये, सायबरनेटिक्सचे जनक नॉर्बर्ट वीनर यांनी अमेरिकेतल्या मोटार कामगारांचे नेते वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहिलं. स्वयंचलित कारखाने येताहेत, मोठी बेकारी येईल, आधीच तयारीला लागा, असा त्याचा आशय. स्वयंचलनाचं गणित मांडणारा माणूसच हे सांगत होता. नियंत्रणाच्या शास्त्रात एक ठरवलेलं मूल्य असतं. सेन्सर मोजतो, यंत्र त्या मूल्याकडे परत येतं. ते मूल्य कसं गाठायचं हे अभ्यासक्रम नीट शिकवतो. कोणी ठरवायचं, हा प्रश्न कुठल्या पेपरात येतो? चरखा संघाच्या अटींत तो पहिल्या दोन ओळींतच आला होता.

मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. २००८ मध्ये ती राष्ट्रीय संस्था म्हणून नव्याने उभी राहिली, आयआयटी दिल्लीची मदत होती. तिथे सौर चरख्यावर काम झालं आहे. चात्या सूर्याच्या विजेवर फिरतात, बाईच्या खांद्याचा भार उतरतो. पण धागा तुटला की सांधायला तिचीच बोटं लागतात. मोठ्या गिरण्यांतल्या रिंग फ्रेमवरही बहुतेक ठिकाणी तेच चालतं. धागा तुटल्याचं सेन्सर सांगतो, आणि मग एक बाई उठून त्या चातीकडे जाते.