बालेवाडी बहिष्कार (हॉकी, 2010)
विश्वचषकाच्या तोंडावर भारतीय पुरुष हॉकीपटूंनी थकीत मानधनासाठी पुण्यातील राष्ट्रीय सराव शिबिरावर टाकलेला बहिष्कार.

उगम : 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिकची पात्रता हुकली आणि हॉकीचा कारभार विस्कटला (पाहा : भारतीय हॉकी महासंघ, हॉकी इंडिया). खेळाडूंचा चरितार्थ रेल्वे, एअर इंडिया, इंडियन ऑइल अशा आस्थापनांतील नोकरीवर चाले. देशाकडून खेळण्याचा पगारी करार नव्हता. जानेवारी 2010 मध्ये कर्णधार राजपाल सिंगसह 22 खेळाडूंनी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात सराव थांबवला.

स्वरूप : नकार सरावाला होता, देशाच्या जर्सीला नव्हे, हा भेद महत्त्वाचा. हॉकी इंडियाने कारवाईचा इशारा दिला, पण मानधनाच्या आश्वासनानंतर काही दिवसांतच तडजोड झाली. दिल्लीतील विश्वचषकात भारताने सलामीला पाकिस्तानला 4–1 हरवले. अखेरचा क्रमांक आठवा.

महत्त्व : मानधनाचा प्रश्न संपूर्ण संघाने एकजुटीने मांडला. 2012 च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत (पाहा : पुणे स्ट्रायकर्स) तो अधिक टोकदार झाला : आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नसलेल्या या व्यावसायिक लीगमध्ये खेळणे म्हणजे राष्ट्रीय संघातील जागा पणाला लावणे होते.